परदेशी लग्नांच्या स्थळप्रती

टायपिंग शिकवणाऱ्या बाईला लोक माणूस धरत नाहीत, मशीनचाच एक भाग समजतात. त्यामुळे समोर बसून वाटेल ते सांगतात! नाशिकच्या मेनरोडमागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आमचं इन्स्टिट्यूट होतं. भालेराव सर मालक, मी शिकवणारी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी घराघरांतली मुलं बाहेर देशी जायला लागली आणि त्यांच्या लग्नांचे कागद आमच्याकडे यायला लागले. अर्ज, तारा, आमंत्रणं, सगळंच. सरांचा एकच नियम होता. "स्थळप्रत ठेवल्याशिवाय कागद मशीनमधून काढायचा नाही!" स्थळप्रत म्हणजे आपल्याकडे राहणारी कार्बन कॉपी. कपाटं भरली. माझं डोकंही भरलं.

* * *

लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी आले. मुलगा जर्मनीत नोकरीला, लग्न गावी. मुलाच्या तिकडच्या साहेबाला इंग्रजीत आमंत्रण पाठवायचं होतं.

"लिहा बाई, लग्नाला यायचं म्हणजे यायचं. कारणं चालणार नाय. आन् दोन दिवस आधी यायचं."

मी म्हटलं, "आबा, साहेब जर्मनीत राहतो. लांब पडतं."

आबांनी विचार केला. "बरोबर हाय. मग चार दिवस आधी लिहा!"

* * *

इगतपुरीच्या एका बाईंचा मुलगा कॅनडात होता. त्याचा लग्नाचा सूट इथे शिवायचा, म्हणून मापं मागवणारं पत्र मी टाइप केलं. महिन्याने मापं आली. छाती वाचून शिंप्याने दोनदा विचारलं. बाई मात्र खूश. "तिकडचं दूधदुभतं मानवलेलं दिसतंय!"

सूट शिवून झाला. लग्नाच्या आठ दिवस आधी मुलगा उतरला तो होता तसाच, काडी. पोराने ऐन थंडीत, अंगातला ओव्हरकोट न काढता मापं घेतली होती.

उसवायला वेळ नव्हता. ऐन मे महिन्यात नवरदेवाने सुटाच्या आत दोन स्वेटर घातले. फोटोत सूट फार सुरेख बसलाय.

* * *

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या गांगुर्डे काकांच्या मुलीचं लग्न कुवेतच्या मुलाशी ठरलं. त्याची रजा तीनदा पुढे गेली, पत्रिका तीनदा बदलल्या. चौथ्या वेळी काकांनी तारखेची जागा कोरी ठेवली आणि आमच्याकडून पेन्सिलीने भरून घेतली.

सरांना काळजी. "काका, अहो मुहूर्ताचं काय?"

"आम्ही बौद्ध माणसं, सर. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. विमान उतरलं की लग्न!"

दोन महिन्यांनी विमान उतरलं. पाहुणे तासाभरात जमले. मला वाटतं, सगळे तयारच बसले होते.

* * *

आता वसुधा देवरे. ही आमच्याकडे मराठी टायपिंग शिकायची. वर्गात तिचा स्पीड मिनिटाला पंचेचाळीस शब्द, आणि तीसच्या सरकारी परीक्षेत तीन वेळा नापास! भालेराव सरांनी हाय खाल्ली. "हिच्या बोटांत दोष नाही. माझ्या शिकवण्यात असेल," म्हणायचे.

मला कारण माहीत होतं. पास झाली असती, तर क्लास संपला असता.

वसुधाचे वडील देवरे मास्तर, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. वसुधाचा साखरपुडा झाला आणि मुलगा कॅनडाला परत गेला. तिचा व्हिसा झाला की तो येणार, लग्न लागणार आणि दोघं बरोबर जाणार, असं ठरलं. तोवर एकमेकांना पत्र लिहायचं नाही, हा अण्णांचा हुकूम. त्यामुळे त्याची पत्रं इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर यायची आणि माझ्या ड्रॉवरमध्ये राहायची. वसुधा त्यांची उत्तरं क्लासच्या तासात टाइप करायची. सर मागून फिरत असत, म्हणून मसुदा सरकारी.

"विषय : थंडी. संदर्भ : आपले पत्र. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येथे सर्व कुशल असून करमत नाही. तरी आपणांस करमते किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे, ही विनंती."

सर मान डोलवत पुढे जायचे.

व्हिसाच्या अर्जासोबत अण्णांनी आपणहून एक प्रतिज्ञापत्र जोडलं. 'माझी कन्या चांगल्या घरातली असून तिने नियोजित वराशी आजपर्यंत एक शब्दही बोललेला अथवा लिहिलेला नाही.' ते मीच टाइप केलं. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीतला साहेब अण्णांना म्हणाला, ओळखच नाही तर हे कसलं लग्न? महिन्याभरात ओळखीचा पुरावा आणा, नाहीतर अर्ज बंद. इकडे मुलाकडचे म्हणायला लागले, आता किती थांबायचं?

अण्णा दिल्लीहून थेट आमच्याकडे आले आणि बाकावर बसले. "खरं लिहिलं आणि मीच माझ्या पोरीचं वाटोळं केलं," म्हणाले.

वसुधा उठली. तिने माझा ड्रॉवर उघडला, मग कपाटातली फाइल काढली आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. त्याची पत्रं आणि तिच्या सगळ्या स्थळप्रती, तारखेनुसार लावलेल्या.

अण्णांनी तासभर वाचलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मसुदा नमुनेदार आहे. पण साहेबाला मराठी येत नाही."

भाषांतर हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या इंग्रजीवर अण्णांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते इंग्रजीत सांगायला बसले आणि वसुधा टाइप करायला. वर्गातली मुलं आपापली मशीन हळू चालवत होती.

चौथ्या दिवशी वसुधाच्या पत्रातली एक ओळ आली. 'गेल्या आठवड्यात आपले पत्र न आल्याने जेवण गेले नाही.'

अण्णा थांबले. "हे कधीचं गं?"

"दिवाळीच्या आधीचं, अण्णा."

"तेव्हा तू पोट दुखतंय म्हणाली होतीस."

वसुधाने मशीनमधला कागद सरळ केला.

"मी तुला आठवडाभर ओवा चारला!"

सगळी मशीन बंद पडली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि इंग्रजीत सांगायला लागले. मी मराठीत देते.

"खाली टीप घाल. भाषांतरकाराची. 'अर्जदार त्या आठवड्यात खरोखरच जेवत नव्हती. हे मी स्वतः पाहिले आहे. ओव्याचा उपयोग झाला नाही.'"

मग म्हणाले, "त्याखाली माझं नाव टाक. सही करतो."