बिना कंपनीचा पेनड्राइव्ह
काल दुकानाचा ड्रॉवर आवरताना एक निळा पेनड्राइव्ह हाती लागला आणि मोर्शीकडचे ते काका आठवले. तेव्हा नुकत्याच वारलेल्या काकूंच्या आवाजातलं भुलाबाईचं गाणं त्यांच्या मोबाइलमध्ये होतं, ते त्यांना पेनड्राइव्हमध्ये भरून हवं होतं. "कंपनीचा पेनड्राइव्ह घ्या," मी म्हणालो. "औंदा कंपनीचं बियानं तरी कुठी उगवलं? साधाच दे." मी वाद घातला नाही. गाणं त्यात भरलं आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मोबाइलमधलं पुसूनही दिलं. तेरवीच्या आदल्या दिवशी ते परत आले. तो निळा पेनड्राइव्ह काही केल्या उघडेना. माझा चेहरा पाहून काकाच म्हणाले, "जाऊ दे गा, मले पाठ हाये." तिथंच उभ्यानं ते गाऊ लागले. दुसरी ओळ त्यांना आठवेना. पहिली मला अजून पाठ आहे.