गोपीकाका रुसले नव्हते

गेल्या रविवारी सकाळी मेहुण्याला घेऊन बारवी धरणाच्या बाजूला गेलो होतो. सात वाजले तशी सवयीने गाडी कडेला घेतली आणि हँडी, म्हणजे आमचा हातातला छोटा रेडिओ, चालू केली.

रोज सातला आमची हजेरी असते. आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणारे, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरचे सात-आठ जण. बदलापूरच्या शिरगावात आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर रिपीटर बसवलाय. तो आमचे आवाज झेलतो आणि जास्त ताकदीने लांबवर पाठवतो.

सगळ्यांचे आवाज अगदी स्वच्छ येत होते. मी बटण दाबून माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, दिला... काही नाही. पुन्हा दिला, पाच-सहा वेळा दिला. रिपीटर माझं ऐकतच नव्हता.

तेवढ्यात अंबरनाथचा मित्र हसत म्हणाला, "आज साहेब पण रुसले वाटतं, गोपीकाकांसारखे!" साहेब म्हणजे मी. सगळे हसले. मी रस्त्यावर उभा राहून ते ऐकत होतो... आणि तो जोक मूळचा माझाच होता.

गोपीकाका उल्हासनगरचे. सिंधी, सत्तरी ओलांडलेले, सगळी हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. रिपीटर आम्ही दोघांनी बांधला असं मी सगळीकडे सांगत फिरतो, पण त्यातलं अवघड काम त्यांचं.

रिपीटर एकाच अँटेनावरून ऐकतो आणि बोलतो. स्वतःच्याच आवाजाने तो बहिरा होऊ नये म्हणून मध्ये एक फिल्टर लागतो. काकांनी तो पाइप कापून घरी बनवला आणि महिनाभर बसून कानाने जुळवला. स्क्रू हलू नयेत म्हणून वर काकूंचं लाल नेलपॉलिश लावलं होतं.

गणपती उठल्यावर मी नवीन मीटर मागवला. स्क्रीनवर रंगीत आलेख वगैरे... मीटर म्हणे फिल्टर बरोबर जुळलेला नाही. काका म्हणाले, "साहेब, चालू चीज को हात मत लगाओ." मी चार जणांसमोर म्हटलं, "काका, कानाने ट्यून करायचा जमाना गेला." आणि नेलपॉलिश खरवडायला घेतलं.

काकांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.

मी स्क्रू फिरवले, आलेख मस्त आला. मग टेस्ट केली... कुठून? अँटेनाच्या खाली उभं राहून! तिथून बहिऱ्या रिपीटरलाही ऐकू जातं. वीस वर्षं कंपनीत मेंटेनन्स बघतोय, आणि अक्कल ही अशी. बाकीचे सगळे जवळचे, त्यात मोठे सेटवाले, त्यामुळे कुणालाच फरक कळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका हजेरीला दिसेनात. फोन मी करायला हवा होता. नाही केला. उलट रोज सकाळी "गोपीकाका अजून फुगलेलेच" म्हणत हशा मिळवला.

त्यांच्याकडे फक्त हँडी उरलीय हे मला पक्कं माहीत होतं. त्यांची बिल्डिंग धोकादायक म्हणून रिकामी केली, तेव्हा त्यांचा मोठा अँटेना मीच उतरवून दिला होता. तरी त्या हँडीचा बारीक आवाज रिपीटरला ऐकूच जात नसेल, हा प्रकाश डोक्यात पडला तो बारवीच्या रस्त्यावर.

बारवीहून मेहुण्याला घरी सोडलं आणि थेट उल्हासनगर गाठलं. काकूंनी दार उघडलं, पापड आणि पाणी पुढे ठेवलं. त्यांच्यात ही रीतच आहे.

टेबलावर हँडी आणि शेजारी लॉगबुक. किती वाजता कुणाला कॉल केला हे आम्ही लोक लिहून ठेवतो. काकूंनी वही माझ्याकडे सरकवली. रोज तेच, सात वाजता कॉल केला, उत्तर नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लिहिलं होतं, सर्वांना शुभेच्छा दिल्या... उत्तर नाही.

काकांना वाटलं आम्ही टोन बदलला. टोन म्हणजे रिपीटरच्या कुलपाची किल्ली, ती बदलली की जुना माणूस बाहेर. मी म्हटलं, "काका, एक फोन करून विचारायचं तरी..."

"क्या पूछता? रोज सुनता था ना. सब सुनाई देता था."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. शिरगावला चला, फिल्टर तुम्हीच जुळवा म्हटलं. गुडघे दुखतात म्हणाले. मग मी चपला घालत असताना मागून म्हणाले, "नेलपॉलिश का दाग बचा होगा. स्क्रू उसी पे वापस लाओ."

टेरेसवर जाऊन बघितलं, डाग होते. प्रत्येक स्क्रूच्या कडेला आणि शेजारच्या पाइपवर थोडं थोडं लाल उरलं होतं. दोन्ही डाग जुळेपर्यंत एकेक स्क्रू फिरवला. संध्याकाळी टेस्ट करायला मुद्दाम उल्हासनगरला, काकांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पहिल्याच हाकेला रिपीटरने माझं ऐकलं. वर जाऊन सांगायचं धाडस झालं नाही.

सोमवारी हजेरीत सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, काका रुसले नव्हते. तेव्हापासून रोज पहिला कॉलसाइन काकांचा घेतो आणि थांबतो. काकू फोनवर म्हणाल्या, हँडी सातला चालू असते, ते ऐकत बसतात.

म्हणजे माझा आवाज पोचतो. आता वही मी लिहितोय... सात वाजता गोपीकाकांना कॉल केला, उत्तर नाही.