डाव्या नाकपुडीला कांदा

माझ्या कर्जतच्या क्लिनिकमध्ये कांद्याचा उग्र दर्प सुटला होता. समोर काशिनाथ, जवळच्या कोंडाणे गावचा, माथेरानच्या एका हॉटेलात आचारी. त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं आणि बायको सुमन त्याच नाकपुडीला फोडलेला कांदा धरून उभी होती. मी आधी नाक चिमटीत धरून रक्त थांबवलं.

"घोळणा फुटतो ह्यांचा," ती म्हणाली. "चुलीपाशी उष्णता हाय ना."

घोळणा फुटणं म्हणजे नाकातून रक्त येणं. त्यावर इलाज न सांगणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय. काशिनाथचं सब्जा, गुलकंद, नाकात दूर्वांचा रस, सगळं करून झालं होतं. हॉटेलच्या शेठच्या मते दोष माथेरानच्या थंड हवेचा, घरच्यांच्या मते गरम चुलीचा. नाक मात्र बिचारं एकच.

"रक्त दोन्हीकडून येतं?" मी विचारलं.

"नाय, डावीकडूनच. चोंदतं पन डावीकडूनच."

मी पेन खाली ठेवलं. उष्णता आणि सर्दी असा पक्षपात करत नाहीत. सतत एकच बाजू चोंदते आणि तिथूनच रक्त येतं, तेव्हा आम्हा ENT डॉक्टरांना घाबरायचा हक्क आहे.

सुमनचा कांदा मागून घेतला. काशिनाथला डोळे मिटायला लावले, उजवी नाकपुडी दाबली आणि कांदा डावीपाशी धरला.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाय."

मग डावी दाबली. त्याने लगेच तोंड वाकडं केलं. "कांदा!"

"पन डोळ्यांतून पानी येतंय की," सुमन हटेना. घोटाळा तिथेच होता. झोंबण्याची नस वेगळी, वासाची वेगळी. डोळ्यांत पाणी आलं की घरात सगळे खूश, कांदा लागू पडला!

एंडोस्कोप, म्हणजे बारीक दुर्बीण, आत घातली. नाकाच्या छताशी लालसर गाठ होती. तुकडा काढायला हात शिवशिवले, पण आवरले. त्या छताच्या पातळ हाडावर लगेच मेंदू, स्कॅनआधी तिथे चिमटा लावणं म्हणजे विषाची परीक्षा. सीटी आणि एमआरआय झाल्यावर मुंबईत तुकडा तपासला. वास ओळखणाऱ्या पेशींच्या थरातून उगवणारा एक दुर्मीळ कॅन्सर निघाला. तो शेजारच्या सायनसमध्ये, दोन डोळ्यांमधल्या हाडातल्या हवेच्या पोकळ्यांत, शिरलेला होता.

"मी तर तंबाखू पन नाय खात," काशिनाथ दुखावून म्हणाला. "नाकाला कॅन्सर होतो होय?"

"होतो, क्वचित. ऑपरेशन करायला हवं, मग रेडिएशनचा शेक. बरं व्हायची आशा चांगली आहे. पण नाकाच्या छताचं हाड काढताना वासाच्या नसाही जातात, त्यामुळे वास दोन्ही बाजूंचा जाईल."

त्याने उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "मग मी आचारी कसला, म्याडम? फोडणी करपली तर मला कोन सांगनार? डावी गेली ती गेली. उजवी ऱ्हाऊ द्या."

मला राग आला, आणि वाईटही वाटलं.

"करपली तर मी सांगेन," सुमन म्हणाली. "तुमी ऱ्हायलात म्हंजे झालं."

ऑपरेशन झालं, शेक झाला. वास गेला, माणूस राहिला. आता हॉटेलच्या भटारखान्यात दोघं उभी असतात, तो परततो आणि ती हुंगते. शेठ म्हणतो, अख्ख्या माथेरानात घोड्यांच्या लिदीचा वास न येणारा हा एकटाच नशीबवान.

परवा तपासणीला दोघं आली होती. नाक आतून स्वच्छ होतं. मी तसं सांगितल्यावर सुमनने समाधानाने पिशवी उघडून दाखवली. आत कांदा!

"आता हा कशाला गं?"

"कांदा सोडला नाय, म्हनून तर रक्त परत आलं नाय, म्याडम."

मुंबईचे सर्जन, शेक देणारे डॉक्टर आणि मी, सगळ्यांचं श्रेय कांदा घेऊन गेला. मी वाद घातला नाही. पहिली तपासणी त्यानेच केली होती. तुम्ही मात्र एवढंच करा: एकाच नाकपुडीचं दुखणं रेंगाळलं, तर ENT डॉक्टरला दाखवा. येताना कांदा आणलात तरी माझी हरकत नाही.