पुण्यानुमोदनात दिलेलं अर्धं पुस्तक

मंगळवारी दुपारी माझे पती वारले. ते कचेरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी पाणी मागितलं आणि पाणी येण्याच्या आत ते गेले. फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात शिकवत होते.

पुण्यानुमोदन केनवडला झालं. आम्ही रिसोडला राहत होतो, पण त्यांचं घर, शेत आणि विहार केनवडला. आम्हा बौद्धांत या दिवशी वंदना होते, गेलेल्या माणसाबद्दल चार लोक बोलतात आणि घरचे त्याच्या नावानं काही दान देतात. कोणी विहाराला खुर्च्या देतं, कोणी पंखा, कोणी सतरंज्या. माझे मोठे दीर माईकपाशी उभे राहिले. माईक आधी दोनदा खालीवर केला. मग म्हणाले, "माह्या भावाची पुस्तकं, रिसोडले जेवढी हायेत तेवढी सगळी, मी विहाराच्या अभ्यासिकेले देऊन राह्यलो."

मंडपातले लोक एकदम म्हणाले, "साधू, साधू, साधू." दान जाहीर झालं की आम्ही असं तीनदा म्हणतो. त्यानंतर ती वस्तू आपली राहत नाही. मीही म्हणाले. तोंडाला सवय होती. तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं की त्या पुस्तकांतलं एक आमचं अर्धं वाचून झालं आहे आणि अर्धं राहिलं आहे.

दिरांनी मला विचारलं नव्हतं. धाकट्या भावाकडे देण्यासारखं सगळ्यात मोलाचं तेच आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन आले आणि खोकी भरून पुस्तकं नेली. मी खोक्यांना सुतळी बांधायला मदत केली.

त्यातली नोकरीची आणि विचारांची पुस्तकं सोडली तर बाकीची सगळी एकाच देशाची होती. नामिबिया. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, पश्चिमेच्या किनाऱ्यावर, अर्ध्याहून जास्त वाळू आणि खडक. आमच्यापैकी कोणी तिकडे कधी गेलं नाही, जाण्याचा विचारही केला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. पुस्तकांच्या स्टॉलांवर आम्ही पिशवी भरली. बाहेर रस्त्यावर एक माणूस जुनी इंग्रजी पुस्तकं पोत्यावर मांडून बसला होता. यांनी त्यातलं एक मोठं, फोटोंचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर लाल वाळूची टेकडी होती आणि तिच्या पायथ्याशी लांब शिंगांचं एकच हरीण. मी म्हणाले, "लोक इथून काय नेतात आणि तुम्ही काय नेताय?" ते म्हणाले, "इचार त घेतलाच. आता थोडी जागाबी घेऊ दे."

पुढे ते त्याच देशाची पुस्तकं शोधत राहिले. अकोल्याच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवलं, नंतर मोबाइलवरून मागवू लागले. रविवारी सकाळी चहा झाला की ते ओसरीत पुस्तक उघडत. वाचत इंग्रजीत, सांगत वऱ्हाडीत. मी शाळेत मराठी शिकवते आणि घरीही पुस्तकासारखीच बोलते. ते आयुष्यभर केनवडचे राहिले. मी समोर बसून भाजी निवडायची.

"हे पाय. हा किडा हाये, आपल्या शेनकिड्याएवढा. सकाळी समुद्राकडून धुकं येते. हा टेकडीच्या माथ्यावर जाते आन् उभा राह्यते, डोकं खाली, बूड वर. धुकं पाठीवर जमते, त्याचा थेंब होते, आन् थेंब घरंगळत सरळ तोंडात. ना नळाची वाट, ना टँकरची."

तिथल्या एका झाडाला जन्मभर दोनच पानं असतात. वाऱ्यानं फाटून त्यांच्या चिंध्या होतात आणि लांबून झाडाला पुष्कळ पानं असल्यासारखं दिसतं. ते हजार वर्षंसुद्धा जगतं असं त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मी विचारलं, "हजार वर्षं करतं तरी काय?"

"वाढते. दुसरं काय करन?"

एकदा आम्ही सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला गेलो. काळवीट दिसले. पण यांचं लक्ष गवतावर. उन्हाळ्यात गवत संपल्यावर हे काय खातात, पाणी कुठं पितात, ते वनरक्षकाला विचारत राहिले. परत येताना पैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली आणि कोरड्या पात्राकडे बघत म्हणाले, तिकडच्या नद्या वर्षातले थोडेच दिवस वाहतात, आणि बाकीचे दिवस हत्ती पात्रात सोंडेनं खड्डे करून पाणी काढतात.

त्यांना सगळीच पुस्तकं आवडायची असं नाही. एका पुस्तकात प्रत्येक जनावराच्या फोटोखाली त्याचं नाव होतं, शास्त्रीय नाव होतं. पुढे माणसांचे फोटो होते. अंगाला लाल माती आणि लोणी लावलेल्या बायका, शिकारी, गुराखी. त्यांच्या फोटोखाली नुसतं 'एक स्त्री', 'एक म्हातारा'. यांनी ते पुस्तक मिटलं. "किड्याले दोन दोन नावं आन् बाईले एक बी नाई? फोटो काढतानी इचारून घ्याचं होतं ना, बाई तुह्यं नाव काय." ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं नाही. टाकूनही दिलं नाही.

म्हणून शेवटचं पुस्तक त्यांना फार आवडलं होतं. त्यात एका कोरड्या नदीच्या काठी राहणारे लोक होते आणि प्रत्येकाचं नाव होतं. ते वाळूतल्या एका काटेरी झुडपाच्या फळांवर जगत आले होते. लिहिणारी बाई त्यांच्यात जाऊन राहिली होती. आम्ही अर्ध्यावर आलो होतो: हंगाम लागला आहे, एका घरची माणसं गाढवाच्या गाडीवर सामान लादताहेत, आणि घरातली म्हातारी म्हणते आहे की या वर्षी मीही येणार. मुलगा नको म्हणतो. तिथं शेंगा निवडून संपल्या आणि ते म्हणाले, पुढचं पुढल्या रविवारी. ते कधी पुढचं आधी वाचून ठेवत नसत. म्हातारी गेली की राहिली, हे त्यांनाही कळलं नाही.

दोन महिन्यांनी मी केनवडला गेले. अभ्यासिका म्हणजे विहाराला लागून एक खोली. भरतीची तयारी करणारी मुलंमुली तिथं दिवसभर बसतात. किल्ली यांच्या वर्गमित्राकडे असते. मी म्हणाले, एक पुस्तक वाचायला न्यायचं आहे. ते भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर रंगानं लिहिलं होतं: पुस्तक खोलीबाहेर नेता येणार नाही. अभ्यासिका सुरू झाली त्या वर्षी पुस्तकं एकेक करून घराघरांत गेली आणि परत आली नाहीत, तेव्हा हा नियम यांनीच केला होता.

"घेऊन जा, वहिनी. तुमचंच त हाये," ते म्हणाले. "मी चष्मा काढून बसतो. मले काई दिसत नाई."

मी नाही नेलं. दान झालं तेव्हा मीही साधू म्हणाले होते. पुस्तक घेऊन तिथंच एका बाकावर बसले. माझं इंग्रजी बेताचं आहे. शब्दकोश जवळ ठेवला की वाचता येतं. पण वाचलेलं डोक्यात मराठी व्हायचं ते परिपत्रकासारखं. दोन रविवार मी तशी वाचत बसले. पानं पुढे सरकली, माणसं जागची हलेनात. मग मी मागे जाऊन गाढवाच्या गाडीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि वाटलं की हे आता माझ्याकडून होणार नाही.

तिसऱ्या रविवारी खोलीत मुलांची सराव परीक्षा होती म्हणून मी पुस्तक घेऊन दारासमोरच्या पायरीवर बसले. माझी मोठी जाऊ विहार झाडत होती. झाडू बाजूला ठेवून ती शेजारी टेकली.

"काय वं मास्तरीन, काय वाचून राह्यली? तोंड त असं केलं जसे पेपर तपासून राह्यली."

"यांचं पुस्तक आहे, बाई. वाळवंटाचं."

"त्या किड्याचं? भाऊजीनं सांगतलं होतं मले. बूड वर करून पानी पेते तो?"

"तेच नाही, पण तिकडचंच."

"मंग मनातल्या मनात कायले वाचतं? मोठ्यानं वाच. मी काय फुकट बसली?"

मी बोटानं ओळ धरली आणि सांगू लागले, "हंगामाच्या प्रारंभी येथील रहिवासी सहकुटुंब वाळूच्या टेकड्यांकडे प्रस्थान करतात."

"थांब, थांब. बातम्या लागल्या काय?" जाऊ हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "भाऊजी असे नव्हते सांगत."

"मला त्यांच्यासारखं येत नाही."

"काहून नाई येत? तुह्या मायशी काय परिपाठातलं बोलत होती?"

मी शब्दकोश मिटून बाजूला ठेवला. मग पुन्हा ओळ धरली. "लोकं गाडीवर सामान लादून राह्यले. गाडीले गाढव जुपलं. म्हातारी म्हनते, मी बी येतो. पोरगा म्हनते, माय, तुह्यानं चालनं होत नाई, कायले येतं?"

"मंग?"

मग म्हातारी कोणाचं न ऐकता गाडीत जाऊन बसली. मी ते पान आधी वाचलं होतं, पण आम्हाला दोघींनाही ते तेव्हाच कळलं.

आता दर रविवारी मी रिसोडहून जीपनं जाते. जाऊ सुपात काहीतरी निवडायला घेऊन बसते. त्या झुडपाला पान नाही, नुसते काटे, पण मूळ पाण्यापर्यंत जातं. फळाचा गर शिजवून वाळूवर आंब्याच्या पोळीसारखा वाळवतात. बिया आपण डांगराच्या खातो तशा खातात. कोणतं झुडूप कोणत्या घराचं, हे पूर्वी ठरलेलं असायचं, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे धुऱ्याचे भांडनं तिकडंबी हायेतच." शेताच्या बांधावरच्या भांडणांचं हे यांनी ऐकायला हवं होतं. माझी वऱ्हाडी मध्येच अडते. ती शब्द पुरवते.

म्हातारी अजून वाळूतच आहे. पुस्तक अभ्यासिकेत आहे. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे.