गोठ्यातले रबरी मोजे

भोरच्या मेडिकलमधून आणलेलं रबरी हातमोज्यांचं पाकीट आज गोठ्यात फोडलं आणि त्यातल्या पावडरीच्या वासानं मला पंचवीस वर्षं मागं नेलं.

गोठा हाच होता. तांबडी गाय दिवस भरायच्या आधीच गाभडली होती, वार आतच अडकली होती आणि सासूबाई उघड्या हातांनीच ती काढायला बसल्या होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी मोजे पुढं केले. "मावशी, ह्यातनं माणसालाही ताप लागतो. सांधे धरतात."

"लक्ष्मीला शिवायला मोजं? इटाळ हाय व्हय तिचा?" सासूबाई म्हणाल्या. "आन् सांधं तर धरल्यातच की माजं."

मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभी होते, सहावा महिना लागलेला. माझ्याकडं बघून डॉक्टर त्यांच्या कानाशी हळूच काहीतरी बोलले. कासारापुढं बांगड्या भरायला धरावेत तसे दोन्ही हात सासूबाईंनी डॉक्टरांपुढं धरले. "घाला." मग माझ्यावर खेकसल्या, "तू हितनं हाल आधी!"

गाय गाभडल्याचा राग त्या माझ्यावर काढतायत, असं वाटून मी चुलीपुढं बसून रडले.

"गायीला झालं तेच सुनेलाही होऊ शकतं," एवढंच डॉक्टर बोलले होते. ते मला त्यांच्याकडूनच कळलं तेव्हा सासूबाई राहिल्या नव्हत्या.

आज गाय व्यायला आलीय. मोजे चढवताना बघते तर बाळंतपणाला आलेली लेक दारात उभी. "तू हितनं हाल आधी!" मी खेकसले. तिचा चेहरा पडला.

हात धुतले की पहिलं तिच्यापाशी जाऊन बसणार आहे.