कटल्याच्या पाठीवरचा ट्रान्समीटर

साठच्या दशकाच्या अखेरीस मत्स्यखात्याचे एक अधिकारी कन्नड मुलखातल्या आमच्या प्रयोगशाळेत आले. तलावात सोडलेला मासा दिवसभर कुठे हिंडतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी तीन महिने खपून पाण्यात टिकटिक करणारा, करंगळीएवढा ट्रान्समीटर बनवला. कानाच्या यंत्रातली चिमुकली बॅटरी मिळवायला अख्खं शिवाजीनगर पालथं घातलं. जन्मात माशाला बोट न लावलेल्या माणसाने हे काम घ्यावं, यावर घरी पोट धरून हसणं झालं होतं.

हेसरघट्ट्याच्या तलावावर म्हाताऱ्या कोळी अण्णांनी हातभर लांबीचा कटला ओल्या गोणपाटात धरून ठेवला. ट्रान्समीटर मी बांधायचा होता. गाठ निसटू नये म्हणून मी खांद्यावरच्या पंच्याने माशाची पाठ स्वच्छ कोरडी केली. रोज अंघोळ घातल्यावर देव पुसतो, तशीच निगुतीने.

"बेडा स्वामी, बेडा," नको नको म्हणत अण्णांनी माझा हात धरला. मग कन्नडातच म्हणाले, "तो बुळबुळीतपणा म्हणजे त्याचं चिलखत. ते पुसलं की त्याला रोग धरतो. मरतोसुद्धा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिन्यांची मेहनत गेली तर गेली, पण माझ्या सोवळ्यापायी एक जीव जायचा.

कसाबसा ट्रान्समीटर बांधून मासा सोडला. आम्ही होडीत बसलो. बांबूला बांधलेला मायक्रोफोन पाण्यात, हेडफोन माझ्या कानाला. टिकटिक खणखणीत येत होती. अधिकारी खूश झाले. मी मात्र नव्हतो, कारण आवाज एकाच जागेवरून येत होता, आणि तळाशी मरून पडलेला मासाही असाच ऐकू आला असता. तास गेला. डब्यातलं चित्रान्न तसंच राहिलं. मी अण्णांकडे पाहिलं.

"स्वल्प थांबा," ते म्हणाले. "घाबरलाय तो."

मग टिकटिक बारीक होऊ लागली. सवयीने मी आधी वायरी चाचपल्या. सगळ्या ठीक होत्या. बांबू हळूहळू फिरवला, तर पलीकडच्या लव्हाळ्याच्या दिशेला आवाज पुन्हा वाढला, आणि थोड्या वेळाने तिथूनही विरू लागला.

"अहो, सिग्नल जातोय," अधिकारी घाईने म्हणाले. "काहीतरी करा."

सिग्नल वाढवण्यात माझी उमर चालली होती. त्या सकाळी तो कमी कमी होत गेला आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"जाऊ द्या, साहेब," मी म्हणालो. "पोहतोय तो."