आमच्या न्हाणीत आलेलं कॉलेज

कॉलेजला निघाले त्या सकाळी आण्णांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून बांधली आणि फाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आले. एसटी आली तेव्हा म्हणाले, "जमलं नाही तर परत ये. जमलं तरी ये." मी रडले नाही. खिडकीची जागा पकडायची होती.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, पुढेही मिरवणार. पण तिथवर मला कुणी पोचवलं, ते गावात राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना नीट सांगायचं राहिलंय.

बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार हे ठरलेलं होतं. आण्णा काही दुष्ट नव्हते. त्यांची भीती वेगळी होती. "शिकलेली पोरगी शेणाला हात लावत नाही. उद्या आपल्यालाच बघून नाक मुरडंल." शिकलेली पोरगी आमच्यापैकी कुणी जवळून बघितलीच नव्हती.

मी बारावीत होते त्या थंडीत तालुक्याच्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात आलं. मुलं देवळात, मुली शाळेत. शाळेला न्हाणी नव्हती, म्हणून दोन-दोन मुली एकेका घरी अंघोळीला वाटून दिल्या. आमच्याकडे सुनीता आणि रेहाना आल्या. दिवसभर सांडपाण्याचे खड्डे खणायच्या, संध्याकाळी चिखलानं माखून यायच्या. आईनं चुलीवर हंडा चढवलेला असायचा. पहिल्या दिवशी आण्णा ओसरीवरून उठूनच गेले.

तिसऱ्या दिवशी सुनीताच्या तळहाताला फोड आले. आई हळद-तेल लावत म्हणाली, "घरी फावडं धरलं नव्हतंस का गं कधी?"

"धरलंय की मावशी. कॉलेजात जाऊन सवय मोडली, ती परत लावून घेतेय."

आण्णा मोठ्यानं हसले. पाचव्या दिवशी रेहानानं कुणी न सांगता आमचा गोठा झाडला. त्या संध्याकाळी आण्णा आईला म्हणाले, "हिचा फॉर्म कुठं मिळतो, विचार त्या पोरींना."

एवढंच. दोन पोरींनी भाषण न करता माझं आयुष्य हलवलं.

आता मी मिशिगनमध्ये, ट्रॉयला. गाड्यांचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. शेजारच्या डेस्कवर इंडोनेशियाची वुलान आहे. एकदा लंचला ती म्हणाली, "मी का-का-एन केलंय." म्हणजे विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहायचं, काम करायचं. तिच्या युनिव्हर्सिटीत त्याशिवाय डिग्रीच नाही. आमचं शिबिर सात दिवसांचं, तिचं महिन्याच्या वर. म्हणाली, घरमालकीण आधी स्वतःचं ताटही घासू देईना. दुसऱ्या आठवड्यात तिनं खरकटी भांडी समोर सरकवली, तेव्हा कळलं की आपण घरचे झालो. मला एकदम आमचा गोठा आठवला.

मग आम्ही शब्दांवर आलो. इंग्रजी एक तर शब्द छाटतं, लॅब, इन्फो. नाही तर नुसती आद्याक्षरं मोजतं, एनएसएस. वुलानचे लोक बऱ्याचदा प्रत्येक शब्दाचा एकेक घास घेऊन नवा शब्द बांधतात. पुसात केसेहातान मास्याराकात, म्हणजे लोकांचं आरोग्य केंद्र, त्याचं झालं पुस्केस्मास! मी म्हटलं, आमचंही तसंच, राष्ट्रीय सेवा योजनेचं रासेयो. ती म्हणाली, "एनएसएस ऐकून काही कळत नाही. यात सेवेचा 'से' तरी उरला." शिबिराची माणसं कुठल्याही देशातली असोत, मला त्यांचं कौतुकच वाटतं.

या हिवाळ्यात शिबिर परत आमच्या गावात आलं. शाळेला आता न्हाणी आहे, तरी आईनं दोन मुली मागून घेतल्या. रविवारी सकाळी मी ड्राइव्हवेवरचा स्नो काढत होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर ओल्या केसांची अनोळखी मुलगी.

"ताई, तुमच्या घरातनं बोलतेय. तुमच्या आधी घरातलं कुणी कॉलेजला गेलं होतं?"

"नाही."

"माझ्या पण नाही." केस पुसत म्हणाली, "भीती वाटायची?"

"अजून वाटते."

मागून आण्णा ओरडले, "पोरीला घाबरवू नको म्हणावं!" आणि आई, "फोन ठेव गं, भाकरी गार होतेय." हे ती त्या मुलीला म्हणाली, मला नव्हे. क्षणभर हेवा वाटला. मग बरं वाटलं. आता घर म्हटलं की मला हेच दिसतं: कुणाची तरी पोरगी ओल्या केसांनी जेवायला बसलीय आणि आण्णा तिला आणखी एक भाकरी घे म्हणतायत.